पदवीनंतरची वर्षे

सोमवार, ९ जून २०२५

प्रवेशाची गर्दी सुरू झाली. बारावीचा निकाल मे महिन्यातच लागल्यामुळे पालक यंदा घरी चर्चा करून येतात. विषय कोणते, फी किती, एसटीची वेळ काय, हे सगळे विचारून झाले की शेवटी एक प्रश्न येतोच : "मॅडम, बीकॉम करून काम मिळेल का?" आज तो एका टेम्पोवाल्या गृहस्थांनी विचारला. शेजारी मुलगी निकालाची झेरॉक्स धरून उभी होती. थोरला मुलगा आयटीआय करून शिरवळच्या कारखान्यात लागला आहे, दर महिन्याला घरी पैसे देतो. "हिची तीन वर्षं वाया तर जाणार नाहीत ना?"

आमच्या सातारा जिल्ह्यात अशा कितीतरी घरांतले पहिलेच मूल कॉलेजची पायरी चढत असते. 'शिक्षणाचे मोल पैशांत करू नका' हे त्यांना सांगणे मला पटत नाही. डिझेलचा आणि हप्त्याचा हिशेब जो रोज करतो, त्याने मुलीच्या तीन वर्षांचा हिशेब मागितला तर तो त्याचा हक्क आहे. वाणिज्य शिकवणाऱ्या माणसाने तर तो नीट मांडून द्यायलाच हवा. पुढच्या काही पानांत तोच मांडायचा आहे.

बुधवार, ११ जून

आधी आकडे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या २०२४ च्या रोजगार अहवालात २०२२ सालचे चित्र आहे. तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के, माध्यमिक किंवा त्याहून जास्त शिकलेल्यांत १८.४ टक्के आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात ३.४ टक्के.

स्टाफरूममध्ये हे वाचून दाखवल्यावर एक सहकारी म्हणाले, "म्हणजे न शिकलेलंच बरं." असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. निरक्षर माणसाला रिकामे बसणे परवडतच नाही. मिळेल त्या रोजावर तो ऊसतोडीला जातो, बांधकामावर जातो, आणि पाहणीत त्याच्या नावापुढे काम लागते. मजुरी किती, वर्षातून किती दिवस, पाठदुखीने घरी बसला तर चूल कशी पेटते, हे त्या टक्क्यांत येत नाही. पदवीधर थांबतो, कारण घर त्याला काही काळ पोसते आणि त्याच्याकडून आशाही ठेवते.

अझीम प्रेमजी विद्यापीठाचा २०२३ चा अहवाल या चित्रात वयाची भर घालतो. पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेरोजगारी ४२ टक्क्यांवर, आणि पस्तिशी ओलांडलेल्यांत ५ टक्क्यांच्या खाली. म्हणजे पदवीधर शेवटी कुठे ना कुठे लागतोच. मधली दहा वर्षे कशी जातात आणि लागलेले काम त्याच्या शिक्षणाला साजेसे असते का, यावर सगळा हिशेब अवलंबून आहे. फी ही त्यातली लहान बाब.

शनिवार, १४ जून

एका जुन्या विद्यार्थ्याने तालुक्याच्या गावी कर सल्लागाराचे कार्यालय थाटले आहे. संध्याकाळी तिथे गेले. जीएसटीआर-१ ची ११ तारीख नुकतीच सरली होती, २० तारखेच्या जीएसटीआर-३बी विवरणपत्राची तयारी चालू होती. दोन टेबलांवर दोघे. एक मुलगा बारावीनंतर टॅलीचा कोर्स करून आलेला, कीबोर्डवर बोटे भराभर चालणारा. दुसरी आमच्याकडून गेल्या वर्षी बीकॉम झालेली.

मुलगा एका हार्डवेअरच्या दुकानाची खरेदीची बिले भरत होता. एक बिल जीएसटीआर-२बीशी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या माहितीवरून पोर्टलवर येणाऱ्या यादीशी, जुळेना. त्याने रक्कम पुन्हा पुन्हा ताडून पाहिली, ती बरोबरच होती. शेवटी मुलगी उठून आली. तिने रकमेकडे पाहिलेच नाही, विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक पाहिला. सुरुवातीचे दोन आकडे २९, म्हणजे कर्नाटक. आपल्या महाराष्ट्राचे २७. माल निपाणीच्या व्यापाऱ्याकडून आलेला, आणि याने सवयीने ९ टक्के सीजीएसटी, ९ टक्के एसजीएसटी असा भरलेला. "दुसऱ्या राज्यातनं आलाय, सगळा अठरा टक्के आयजीएसटीत टाक," एवढे सांगून ती जागेवर जाऊन बसली.

मी मनातून सुखावले. पण तिच्या मालकाने सांगितलेली दुसरी बाजूही इथे लिहून ठेवायला हवी. "मॅडम, पहिले चार महिने हिला काहीच येत नव्हतं. पार्टीला फोन करून बिलं कशी मागायची, फाईल कशी लावायची, सगळं शिकवलं. त्या पोरानं पहिल्या आठवड्यापासून काम उपसलं." आज दोघांचा पगार सारखाच आहे. मात्र खात्याकडून आलेल्या नोटिशीला उत्तर लिहायचे काम हळूहळू तिच्याकडे येऊ लागले आहे, आणि या धंद्यात पगार वाढतो तो तिथेच. पदवीने तिला 'का' शिकवले, 'कसे' मात्र शिकवले नाही. ते चार महिने मालकाने सोसले. प्रत्येक मालक सोसत नाही.

बुधवार, १८ जून

शिरवळच्या एका वर्कशॉपमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी बोलणी करायला गेले होते. तिथे एक टर्नर लेथवर काम करत होता. शाफ्ट उतरवला, पुसला, मायक्रोमीटरमध्ये धरला, रॅचेट फिरवून टकटक ऐकली आणि आकडा वाचला. मिलीमीटरचे दोन शतांश जास्त. पुन्हा चढवून एक हलका कट घेतला. आता बरोबर. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड, मग अप्रेंटिसशिप, आणि विशीच्या आतच कमावता. आमच्या कित्येक पदवीधरांच्या आधी त्याने बहिणीच्या लग्नाला हातभार लावला.

चहाच्या सुट्टीत तो माझ्याशी बोलला. "नव्या इंजिनियरला मशीन मीच दाखवतो. पण सुपरवायझरच्या जाहिरातीत डिप्लोमा किंवा डिग्री लागते." आयटीआयवाल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे त्याला माहीत आहे. पण पाळ्यांची नोकरी सोडून दिवसाचे कॉलेज कसे करणार? १९८९ पासून चालू असलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची वाट मी त्याला सांगितली. काम न सोडता तिथे पदवी घेता येते.

कामात शिरताना कौशल्य उपयोगी पडते, वर चढताना कागद आडवा येतो. टेम्पोवाल्यांच्या थोरल्या मुलाला हे आणखी पाच वर्षांनी जाणवेल. त्याने तेव्हा हळहळण्यापेक्षा आत्ताच मुक्त विद्यापीठात नाव घातलेले बरे.

रविवार, २२ जून

भाचा पुण्याहून आला आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, दिवसभर अभ्यासिकेत असतो, मेसचा डबा खातो. पदवी चांगल्या गुणांनी घेतली. त्यानंतर स्पर्धा परीक्षा, एकामागून एक.

या वाटेवरची गर्दी सगळ्यांना ठाऊक आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ ला पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज. शिपाईपदाला बारावी पुरते, तरी मैदानावर पदवीधर पळत असतात. एका जागेमागे शंभर, दोनशे मुले. निवड होणारा हुशार असतो यात शंका नाही, पण राहिलेले सगळे कमी हुशार असतात असे कसे म्हणायचे?

"आत्या, अजून एकच अटेम्प्ट," तो म्हणाला. खुल्या गटाला वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. दार इतकी वर्षे उघडे असते की 'आता पुरे' म्हणायची वेळ बाहेरून कोणी ठरवून देत नाही. ती घरानेच ठरवावी लागते. मी त्याला परीक्षा सोड म्हटले नाही. "अभ्यास कर, पण सोबत काम धर. अर्धा दिवस का होईना, कुणाची वही लिही, क्लासला शिकव." तो गप्प राहिला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी होते. पोराने आतापर्यंत जे वाचले ते फुकट गेलेले नाही, इतिहास आणि राज्यघटना तो माझ्यापेक्षा चांगली सांगतो. पण हे ज्ञान कुणाच्या तरी उपयोगी पडायला हवे, तरच त्याला स्वतःला बळ येईल.

शुक्रवार, २७ जून

वर्गात जोतीराव फुल्यांचे हंटर शिक्षण आयोगापुढचे निवेदन सांगितले. १८८२ सालचे ते निवेदन आजही मुले कान देऊन ऐकतात. शेतकऱ्यांच्या कष्टातून आलेला महसूल वरच्या शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातली प्राथमिक शाळा उपाशी राहते, ही त्यांची मुख्य तक्रार. शिकलेल्यांची संख्या शंभरपट व्हावी आणि ते सगळे सरकारी चाकरीकडे डोळे लावून न बसता उपयोगी उद्योगांत शिरावेत, अशी अपेक्षाही त्यांनी त्यात नोंदवली आहे. शिकलेल्यांची संख्या शंभरपटीच्याही पुढे गेली. चाकरीची ओढ मात्र तशीच राहिली.

याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात शोधले गेले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले ते 'कमवा व शिका' या पायावर. गरीब घरातली मुले हाताने काम करत आणि त्याच हाताने पदवीचे पेपर लिहीत. श्रम आणि पदवी यांत त्यांनी भिंत घातली नाही. ती आपण नंतर बांधली.

गुरुवार, ३ जुलै

गेल्या काही वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांना फोन करते आहे. कुठे आहात, काय करता, पगार किती, पदवीचा उपयोग झाला का? मुलींची उत्तरे वेगळी आहेत.

पतसंस्थेत लागलेली एक जण म्हणाली, "मॅडम, कॉलेजात नसते तर अठराव्यालाच माझं लग्न झालं असतं." दुसरी नवऱ्याच्या दुकानाचे सगळे हिशेब बघते. बँकेशी कर्जाचे बोलणे तिनेच केले, पगार मात्र कुठे नोंदलेला नाही. तिसरी तालुक्यात एका दवाखान्याच्या काउंटरवर आहे. पैसे थोडे, पण ते तिच्या स्वतःच्या खात्यात येतात. बेरोजगारीच्या तक्त्यात यातले फारसे दिसणार नाही. तरी ते खरे आहे, आणि मुलीच्या बापाने हिशेब करताना जमेच्या बाजूला धरले पाहिजे.

पण म्हणून कमी पगार रास्त ठरत नाही. "लग्न होऊन जाणारच" असे धरून मुलींना दहा हजारांच्या आत राबवून घेणारी दुकाने-कार्यालये गावोगावी आहेत. त्याविरुद्ध बोलायला त्यांना पदवीने शब्द दिले आहेत. ते वापरायची हिंमत आम्ही शिक्षकांनीही द्यायला हवी.

मंगळवार, ८ जुलै

विभागाची बैठक. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन द जॉब ट्रेनिंग अभ्यासक्रमातच आले आहे. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. माझे म्हणणे बैठकीत स्पष्ट मांडले : हे १२० तास ओळखीच्या दुकानदाराच्या सही-शिक्क्यावर संपले, तर आपण मुलांना फसवले. त्या कर सल्लागाराने सोसलेले चार महिने आपल्याला पदवीच्या आत आणायचे आहेत. काय काम केले, कोणती चूक सुधारली, याची रोजची नोंद मुलाने ठेवायची आणि शिक्षकाने महिन्यातून एकदा जागेवर जाऊन पाहायचे.

पदवीनंतरचीही एक वाट मुलांना सांगायची ठरली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही त्यात जागा मिळाली. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. रक्कम मोठी नाही आणि मुदत संपल्यावर नोकरीची हमीही नाही. तरी पहिला अनुभव लिहायला जागा मिळते, आणि ज्या वयात मुले नुसती जाहिरातीची वाट बघत बसतात त्या वयात हे थोडे नाही.

शनिवार, १२ जुलै

टेम्पोवाल्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता लिहू शकते. पदवी घ्यावी. अनेक दारांवर पात्रतेची अट पदवीची आहे आणि ती नसली की बढतीही अडते. काम करता करता 'हे असे का' हे ज्याला कळते तो यंत्र बदलले, कायदा बदलला तरी टिकतो. पण नुसत्या पदवीवर पुढची पाच वर्षे घरी बसणे कुठल्याही घराला परवडणारे नाही. शिकताना दुसऱ्या वर्षापासून अर्धवेळ काम धरा. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर किती वर्षे, हे पहिल्याच दिवशी घरात सगळ्यांनी मिळून ठरवा. ज्याचा हात यंत्रात रमतो त्याला आयटीआयला घाला, आणि पदवी त्याला काम करता करता घेऊ द्या. मुलीला पाठवा, आणि तिच्या पगारावर तिचा हक्क ठेवा.

एवढे सांगून माझी जबाबदारी संपत नाही. फोन करून जमवलेली माहिती मी तक्त्यात भरते आहे : कोणत्या वर्षी सुटले, आज काय काम, पगार किती, पहिले काम लागायला किती महिने गेले. नावे नकोत, आकडे खरे हवेत, आणि जे अजून बसून आहेत त्यांची ओळ गाळायची नाही. पुढच्या जूनमध्ये हा तक्ता माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, फीच्या आधी, छापला गेला पाहिजे, असे प्राचार्यांना आज लिहून दिले. जे महाविद्यालय आपल्या मुलांचे पुढे काय झाले हे सांगायला तयार नाही, त्याने पालकांकडे त्यांच्या मुलांची तीन वर्षे मागू नयेत.