सेकंड लेफ्टनंट वॉल्टर टल, हाफ-बॅक

वॉल्टर टल! हे नाव तुम्ही कधी ऐकलंय? मला ते नुकतंच सापडलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला थांबवून त्याची गोष्ट सांगत सुटलोय. फुटबॉलची आवड नसली तरी ऐकाच.

आजोबा बार्बाडोसमध्ये गुलाम. वडील डॅनियल सुतार. ते समुद्र ओलांडून इंग्लंडात फोकस्टनला आले आणि केंटमधल्याच अ‍ॅलिस पामर हिच्याशी त्यांनी लग्न केलं. १८८८ मध्ये वॉल्टर जन्मला. १८९५ मध्ये आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, पण १८९७ मध्ये तेही गेले. सावत्र आईला एवढी पोरं पोसणं जमेना, म्हणून वॉल्टर आणि थोरला एडवर्ड लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या मेथडिस्ट अनाथाश्रमात गेले. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबानं दत्तक घेतलं. वॉल्टर मागे राहिला, छापखान्याचं काम शिकला आणि फुटबॉल खेळत राहिला.

कसला खेळला असेल! क्लॅप्टन या हौशी संघानं १९०९ मध्ये एफए अमॅच्युअर कप जिंकला, त्या मोसमात हा संघात होता. त्याच वर्षी टॉटनहॅम हॉटस्परनं त्याला व्यावसायिक खेळाडू म्हणून घेतलं आणि थेट अर्जेंटिना-उरुग्वेच्या दौऱ्यावर नेलं. अनाथाश्रमातला पोरगा, वय एकवीस, आणि इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत!

मग ऑक्टोबर १९०९, ब्रिस्टल. प्रेक्षकांतल्या एका टोळक्यानं त्याच्या रंगावरून अत्यंत घाणेरड्या शिव्या दिल्या. सामन्याला हजर असलेल्या एका वार्ताहरानं त्या टोळक्याची खरडपट्टी काढली आणि मैदानावरचा सर्वोत्तम फॉरवर्ड म्हणून टलला गौरवलं. तरी लवकरच टॉटनहॅमनं त्याला राखीव संघात ढकललं. मला अजून याचा राग येतो. १९११ मध्ये नॉर्दॅम्प्टन टाउननं त्याला घेतलं. तिथले व्यवस्थापक होते हर्बर्ट चॅपमन, पुढे आर्सेनलला मोठं करणारे. हाफ-बॅकच्या जागेवर तो नॉर्दॅम्प्टनसाठी शंभरावर सामने खेळला.

आणि खरी गोष्ट तर इथून पुढे आहे! पहिलं महायुद्ध पेटलं होतं. डिसेंबर १९१४ मध्ये तो मिडलसेक्स रेजिमेंटच्या सतराव्या, म्हणजे 'फुटबॉल' बटालियनमध्ये भरती झाला. सार्जंट झाला, १९१६ मध्ये सोमच्या लढाईत उतरला. मग अधिकाऱ्याचं प्रशिक्षण घेऊन मे १९१७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. लष्करी नियमावलीत तर कृष्णवर्णीयाला असा हुद्दा द्यायलाच मनाई होती! त्या काळात आपल्याकडच्या मराठा पलटणीतला मुरलेला सुभेदारसुद्धा कालपरवा आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटपेक्षा खालचाच धरला जाई. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

१९१८ च्या सुरुवातीला त्याची तुकडी इटलीत पियावे नदीवर होती. रात्रीची वेळ, पाण्याला ओढ, पलीकडे शत्रू. टल सव्वीस जणांना घेऊन नदीपार गेला, छापा घातला आणि सगळ्यांना सुखरूप परत घेऊन आला. सव्वीसच्या सव्वीस! वरिष्ठ सेनापतींनी त्याच्या शौर्याची आणि थंड डोक्याची लेखी वाखाणणी केली. ब्रिस्टलमध्ये ज्याच्या रंगावर लोक ओरडले, त्याच्या शब्दावर आता गोरे शिपाई काळोखात नदीत उतरत होते. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचतोय.

२५ मार्च १९१८ ला, जर्मनांच्या वसंतातल्या मोठ्या हल्ल्यात, फ्रान्समधल्या फाव्रईजवळ त्याला गोळी लागली. वय अवघं एकोणतीस. लेस्टरचा माजी गोलकीपर टॉम बिलिंगहॅम त्याच्याच बटालियनमध्ये होता. त्यानं गोळीबारातून त्याचा देह मागे ओढून आणायचा प्रयत्न केला, पण तो अपुरा राहिला. देह कधीच मिळाला नाही. आरासच्या स्मारकावर नाव आहे.

त्याला मरणोत्तर मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळावं, अशी मागणी ब्रिटनमध्ये अनेक वर्षं होते आहे. द्यावंच, असं माझं ठाम मत. आणि तो ग्लासगोचा एडवर्ड? तो दंतवैद्य झाला, ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय दंतवैद्यांपैकी एक! आता त्याच्याबद्दल वाचायला घेतलंय.