चुकलेला सूर

आमच्या घरातली पेटी वडिलांची. तिला हात लावायचा तर आधी हातपाय धुवून यावे, अशी शिस्त होती. पुढे तीच शिस्त मी मुलाला लावली. तो नऊ वर्षांचा असताना भूप वाजवता वाजवता त्याचे बोट मध्यमावर पडले. पडले ते पडले, वर तो सूर पुन्हा पुन्हा दाबून स्वारी हसू लागली! मी पेटीचे झाकण लावले. ते त्याने पुन्हा उघडले नाही. मीही उघड म्हटले नाही.

हे आठवायला कारण माझी नात. ती विजेवरचा कीबोर्ड वाजवते. "आबा, ऐका तर खरं," म्हणत तिने गणपतीत मला हर्बी हँकॉक ऐकवला आणि त्याची सारी कथाही सांगितली.

हँकॉक शिकागोचा, जन्म १९४०चा. अकराव्या वर्षी शिकागोच्या नामांकित वाद्यवृंदाबरोबर त्याने मोझार्ट वाजवला. म्हणजे सोवळ्यातले शिक्षण आमच्यापेक्षा कडक! कॉलेजात गेला अभियंता व्हायला आणि वळला संगीताकडे. १९६२ साली त्याने कलिंगडवाल्यावर एक धून केली. शिकागोच्या बोळात फरसबंदीवरून कलिंगडाची गाडी खडखडत जाई, तिच्या चाकांचा ठेका त्यात आहे. गिरगावात आमच्या चाळीखालूनही कल्हईवाला रोज ओरडत जायचा. आम्ही खिडकी लावून घेत असू.

पुढे तो माइल्स डेव्हिस या थोर ट्रंपेटवाल्याच्या साथीला बसला. यूरोपातल्या एका मैफलीत, ऐन रंगात, हँकॉकच्या हातून साफ चुकीचे स्वर दाबले गेले. त्याने कानांवर हात ठेवले. माइल्स क्षणभर थांबला आणि त्याने पुढचे सूर असे काही लावले की ती चूक जागच्या जागी बरोबर होऊन बसली! हँकॉकने ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली आहे. माइल्सला ती चूक वाटलीच नव्हती म्हणे. जे घडले त्यात आपला सूर मिळवायचा, एवढेच त्याने केले.

नात पुढे बोलत होती. माझे लक्ष मात्र कोपऱ्यातल्या पेटीकडे गेले होते.

१९६८ साली हँकॉक स्टुडिओत गेला, तर नेहमीचा पियानो नाही. माइल्सने विजेच्या पियानोकडे बोट दाखवले. हँकॉकला ते खेळणे वाटले. पण वाजवून पाहिले आणि तो त्याच्या प्रेमातच पडला. आवाज वाढवला की ड्रमच्या दणदणाटातही सूर बुडत नव्हता. मग १९७३ साली ‘हेडहंटर्स’ आली. तिच्यात तीच कलिंगडवाल्याची धून नव्या अवतारात आहे, आणि तिच्या आरंभी एक साथीदार चक्क बाटलीत फुंकर घालतो. जाझच्या जुन्या भक्तांनी नाके मुरडली. मी तिथे असतो, तर पहिल्या रांगेत बसून मुरडले असते.

१९८३ साली त्याने ‘रॉकिट’ काढले. न्यूयॉर्कची हिपहॉपवाली पोरे तबकडी सुईखाली हाताने पुढेमागे घासत. तो आवाज त्याने आपल्या यंत्रांच्या सुरात वाद्य म्हणून बसवला. खोटे कशाला बोलू, पहिल्यांदा मला कोणी भांडी घासतेय असाच भास झाला. तिसऱ्यांदा पाय हलू लागला. याच माणसाला २००८ साली वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले.

परवा मुलगा घरी आला होता. नातीने हट्टाने पेटी काढायला लावली. तिला दोन्ही हातांनी वाजवायची सवय, म्हणून भाता मी मारत होतो. भूप चालला होता. मध्येच तिने मध्यम दाबला आणि तिथेच घोटाळत राहिली. माझा हात भात्यावर थबकला, पेटीचा आवाज बारीक होत गेला. मुलाने चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिले.

मी भाता मारला.