मधली हवा

आम्ही पेठ वडगावच्या उर्दू शाळेतले मास्तर. आजोळ मात्र रत्नागिरीला, मिरकरवाड्यात. मामूंची नजर मंदावली, अंधारात शिसं बांधलेली दोरी टाकून खोली मोजणं जमेना. दोनदा होडी खडकाला घासली. म्हणून मेच्या सुट्टीत त्यांच्या फायबरच्या शिडाच्या होडीत खोली मोजणारं यंत्र बसवायला गेलो.

"तळाला भोक पाडायचं नाही," मामूंनी बजावलं. मग सेन्सर आतूनच चिकटवला. भरीव फायबरमधून ध्वनी पार होतो, समुद्रतळावर आपटून परततो. पाण्यात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. जाण्यायेण्याच्या वेळेच्या निम्म्यावरून खोली कळते.

पडद्यावर आकडाच येईना. घाईत लावलेल्या इपॉक्सीत हवेचे बुडबुडे अडकले होते. ध्वनी तिथूनच माघारी फिरत होता. खरवडून, सावकाश दाबून पुन्हा बसवला. ३.४ मीटर! मामूंनी दोरी टाकली : दोन वावांना थोडी कमी.

"मास्तर, यंत्र राहू दे, दोरीही राहू दे."

जूनमध्ये मागच्या बाकावरचं एक पोर उत्तर देईना. आवाज चढवण्याआधी आम्ही त्याच्याजवळ जाऊन बसलो. मधली हवा आमच्याच घाईची असेल, असं वाटलं.