नोंदवहीतली आमची माणसं

दोस्तांनो, एक साधा सवाल करतो. तुमच्या पणजोबाचा बाप कधी मेला? तारीख सोडा, साल सांगा. साल नाय आठवत? मग नाव तरी सांगा.

मी वस्तीत ज्याला त्याला विचारून बघितलं. चवदार तळ्याची तारीख पोरांना पाठ. येवल्याची पाठ, नागपूरची पाठ. पण स्वतःच्या घरात तिसऱ्या पिढीच्या पलीकडे गेलं की काळोख. म्हाताऱ्या आकाशाकडे बघतात. ‘पटकीत गेला’ म्हणतात, ‘मोठ्या पावसाच्या साली गेला’ म्हणतात. संपलं.

आपली माणसं कागदावर आली ती कुठे? वतनाच्या कागदात, सावकाराच्या वहीत, पलटणीच्या पेन्शनीत. म्हणजे जिथे आपण राबलो, बुडालो, नाहीतर दुसऱ्यासाठी लढलो. आपल्या घरात पोर जन्मलं, त्याचं अमुक नाव ठेवलं, एवढंच लिहून ठेवणारी वही गावात नव्हती. गावाची वही ज्यांच्या हातात होती त्यांना आपलं नाव लिहायचा विटाळ होत होता.

मला माझ्या घराण्यातलं एक नाव सापडलं. ते सापडलं चर्चच्या नोंदवहीत. आता तुम्ही म्हणाल, हा बौद्धाचा पोरगा चर्चमध्ये काय करत होता? ऐका.

मी इचलकरंजीकडे एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. तुटलेला धागा जोडायचा, पुन्हा तुटला की पुन्हा जोडायचा, हे माझं काम. आमचा आजा मुंबईच्या गिरणीत होता. १९८२ च्या संपात त्याची गिरणी गेली आणि तो गावी आला, तो पुन्हा उभा राहिला नाही. गाव रत्नागिरी जिल्ह्यात. आमच्या खापरपणजोबाचा एक धाकटा भाऊ होता. तो मिशनच्या बंगल्यावर बागेला पाणी घालायला होता. तिथेच तो वाचायला शिकला आणि पुढे ख्रिस्ती झाला. भावकीने त्याला तोडलं. मग १९५६ साली बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, त्याच्या मागून आमचं घर बौद्ध झालं. एका झाडाच्या दोन फांद्या, एक इकडे, एक तिकडे. त्या घरातली एक म्हातारी आहे, माझ्या बापाची चुलत आत्या. मी तिला आजी म्हणतो. तिच्या भिंतीवर येशू आहे आणि शेजारी बाबासाहेब. रविवारी चर्चच्या दारात ती लोकांना ‘सलाम’ म्हणते, आणि मी घरी गेलो की मला ‘जय भीम’ म्हणते. दोन्ही मनापासून.

आपल्या जिल्ह्यात मिशन जुनं, दोस्तांनो. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी बाणकोट आणि हर्णैला उतरले. पुण्यात पेशवाई जाऊन पाचच वर्षं झाली होती. मुंबईत पुढे ज्यांच्या नावाचं कॉलेज झालं ते जॉन विल्सन १८२९ साली आले, आणि त्यांनी मराठी गिरवली ती याच किनाऱ्यावर. पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन कोल्हापुरातून खाली रत्नागिरीत आले. दापोलीत इंग्रजांची छावणी होती, तिथे मिशनची शाळा निघाली. आज तिला ए. जी. हायस्कूल म्हणतात, त्यातलं नाव आल्फ्रेड गॅडनी या मिशनऱ्याचं. पांडुरंग वामन काणे दापोलीच्या मिशन शाळेत शिकले, पुढे साने गुरुजीही शिकले. कवी नारायण वामन टिळक १८६१ साली याच जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले आणि १८९५ साली ख्रिस्ती झाले. हे सगळं छापून आलेलं आहे. मोठ्या माणसांचा इतिहास कुठेही जपला जातो.

त्याच दापोलीत आपली माणसं काय करत होती? पलटणीतून पेन्शन घेतलेले महार कॅम्पात घरं बांधून राहत होते. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ काढलं, १८९० च्या सुमारास अनार्य दोषपरिहारक मंडळी उभी केली. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदारही पेन्शनीनंतर काही काळ दापोलीत राहिले. मूळ गाव आंबडवे, शेजारच्याच मंडणगड तालुक्यातलं. १८९० नंतरच्या त्या वर्षांत या पेन्शनर महारांनी सरकारकडे अर्ज केले, की नगरपालिकेच्या शाळेत आमची पोरं घ्या. खूप झगडल्यावर पोरांना बसायला जागा मिळाली ती शाळेच्या व्हरांड्यात. आत मास्तर शिकवणार, बाहेर आमची पोरं कान देऊन ऐकणार.

शाळेच्या वर्गात बसलेल्यांची नावं सांगता येतात. व्हरांड्यात बसलेल्या पोरांची नावं कोण सांगेल? मी हा प्रश्न घेऊनच आजीकडे गेलो होतो. ती म्हणाली, ‘शाळेचं मला काय माहीत नाय रे बाला. पन आमच्या देवळात जुनी वही हाय. पाळकबाबांना विचार.’

आम्ही ज्याला चर्च म्हणतो त्याला ती देऊळ म्हणते. कौलारू, जांभ्या दगडाच्या भिंती. ते कुठलं, हे मी सांगत नाही. का, ते पुढे येईल. आत बाकं आहेत, पण पहिल्यापासून नव्हती. म्हातारी सांगते, तिच्या लहानपणी सगळे चटईवर बसायचे. गाणी पेटी-ढोलकीवर, आणि टिळकांची भजनं तर अशी म्हणतात की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, वारकरीच बसलेत. मंडळी लहान झाली आहे. पोरं मुंबई-पुण्याला. पाळक एक, आणि मंडळ्या तीन. एका रविवारी इथे तर दुसऱ्या रविवारी तिथे. भात कापून झालं की कापणीचा सण होतो. कुणी पायलीभर भात आणतो, कुणी नारळ, कुणी कोंबडा, आणि उपासनेनंतर देवळाच्या अंगणात त्याचा लिलाव होतो. ज्याच्याकडे आणायला काही नाही तो बोली लावतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो अंगण झाडतो. वर्षाची कौलं त्या पैशातून शाकारली जातात.

आणि २५ डिसेंबर. त्या दिवशी आजीच्या देवळावर तारा लागतो. आमच्या वस्तीत त्याच दिवशी मनुस्मृती दहनाची सभा असते, कारण १९२७ साली महाडला ती जाळली ती याच तारखेला. महाड आमच्यापासून लांब नाही, खाडी ओलांडली की पलीकडे. सभा संपली की आम्ही आजीच्या घरी वडे-सागुती खायला जातो. दोन्ही घरं एकमेकांच्या पंगतीला बसतात. हे तोडलेले भाऊ परत जोडायला किती वर्षं लागली, ते आमच्या भावकीला माहीत.

वहीकडे येतो. पाळकबाबांनी पत्र्याची ट्रंक उघडली. आत फडक्यात बांधलेल्या वह्या, मधे कडुनिंबाचा पाला. कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून लागला की भिंतीला बुरशी येते, चपलेला बुरशी येते, कागद तर वाळवीचं जेवणच. दरवर्षी गणपतीनंतर ऊन पडलं की एक म्हातारा या वह्या उन्हात घालतो आणि शेजारी राखणीला बसतो. त्याच्या आधी त्याचा बाप बसायचा. इतिहास जपणं म्हणजे काय, हे मला त्या म्हाताऱ्याकडे बघून कळलं. भाषण नाही, सभा नाही. वही उन्हात घालायची आणि कोंबड्या हाकायच्या.

बाप्तिस्म्याची वही वेगळी, लग्नाची वेगळी, मरणाची वेगळी. आखलेले रकाने. नाव. बापाचं नाव. गाव. धंदा. तारीख. पाण्याने शाई पसरलेली, पण अक्षर ठसठशीत. ब्राह्मणातून आलेला आणि महारवाड्यातून आलेला, दोघं एकाच पानावर, एकाखाली एक. मंडळीत दोघं एका बाकावर बसत होते का, ते वही सांगत नाही. ते म्हाताऱ्या सांगतात, आणि त्या जे सांगतात ते नेहमी गोड नसतं.

आमच्या माणसाची नोंद सापडली. मी बोट ठेवून वाचलं. आणि पुढच्या रकान्यात त्याच्या बापाचं नाव. आता बघा, त्याचा बाप म्हणजे आमच्या खापरपणजोबाचाही बाप. आमच्या बौद्ध घरात हे नाव कुणालाच माहीत नव्हतं. आज्याला नाही, बापाला नाही. आम्ही ज्या भावाला तोडलं, त्याच्याच नावापुढे आमचा मूळपुरुष बसलेला होता. धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं, मोलमजुरी. मी रडलो नाही. पण बराच वेळ बोट उचललं नाही.

मी वहीचा फोटो काढायला मोबाईल काढला तर आजीने हात धरला.

‘नाव छापू नको बाला. आमच्या पोराचा दाखला हाय.’

दोस्तांनो, हा लेख मी खरं म्हणजे या एका वाक्यासाठी लिहितोय.

१९५० साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्यात तिसरं कलम असं, की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्ध आले ते १९९० साली. म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षं केंद्राने आपल्यालाही हेच ऐकवलं, की धर्म बदललात, जात गेली, आता हक्क कसला मागता? ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्या आपल्या माणसांना आजही तेच ऐकवतात. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात धरतात. पण राखीव मतदारसंघ नाही, आणि अत्याचार झाला तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा त्यांच्यासाठी नाही. मारणारा त्यांना जातीवरून मारतो, कायदा म्हणतो तुम्हाला जात नाही. २०२२ साली या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. २६ नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे संविधान दिनालाच, सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका खटल्यात निकाल दिला, की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि आरक्षणापुरतं हिंदू म्हणवायचं, ही संविधानाची फसवणूक आहे.

म्हणून घरोघर दोन नावं चालतात. देवळात एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. ज्या वहीने आमचं नाव शंभर वर्षं जपलं, त्याच वहीला आमची माणसं भितात. म्हातारा वही उन्हात घालतो तेव्हा कोंबड्यांवर नजर ठेवतो, आणि रस्त्याने कोण जातंय त्यावरही.

आपल्यातले काही म्हणतील, त्यांनी ती वाट धरली, त्यांचं ते बघतील. बाबासाहेबांनीही ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर टीका केलीच आहे. चर्चने जात मोडली नाही, आणि धर्मांतरित माणूस लढायचा थांबला, असं त्यांनी लिहिलं. ते लेखन १९८९ साली सरकारी खंडात छापून आलं आहे, ज्याने वाचलं नसेल त्याने वाचावं. टीका खरी आहे. पण ती घरातल्या माणसाने घरातल्या माणसावर केलेली आहे. आपला भाऊ चुकीच्या गाडीत बसला असं वाटलं तरी त्याचं तिकीट फाडणाऱ्याच्या बाजूने आपण उभं राहत नाही.

आणखी एक लक्षात घ्या. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’त छापला. ‘ज्ञानोदय’ अहमदनगरच्या अमेरिकन मिशनने १८४२ साली काढलेलं पत्र. कागद त्यांचा होता, म्हणून ती पोर आज आपल्याला वाचता येते. आवाज मात्र तिचा होता, आणि तिने कुठल्याच धर्माची भलावण केली नाही. दुसऱ्याच्या कागदावर आपला आवाज टिकला, याचा मान ठेवायचा. पण किती दिवस दुसऱ्याच्या कागदावर राहायचं?

आम्ही वस्तीत एक वही घातली आहे. दोनशे पानी, साधी. रकाने त्या म्हाताऱ्याकडूनच आखून आणले, दोन वाढवले. एक, शाळेत कुठे बसवलं. दुसरा, कोणत्या संपात, कोणत्या मोर्चात होता. बौद्ध, ख्रिस्ती, कुठेच न गेलेला, सगळे एका पानावर. रात्रपाळी नसली की मी घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना बोलतं करतो. जे सांगतात ते लिहितो, आणि ज्याचं नाव उघड केल्याने पोराचं नुकसान होईल त्याचा रकाना पेन्सिलीने भरतो. पेन्सिलीवर शाई कधी फिरवायची, ते ज्या दिवशी तिसरं कलम जाईल त्या दिवशी ठरवू. ते जावं म्हणून आपण काय करणार, हे पुढच्या बैठकीत बोला. मी आजीलाही आणतो. तिला भाषण नको सांगू देऊ नका. ती चांगली बोलते.