इस्लामपूर : लेथ आणि ऊस

सांगली जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. या मुलखातील लोखंडकामाची पहिली मोठी शाळा तीच म्हणावी. तिथून इस्लामपूर लांब नाही. गळीत हंगामात इथल्या वर्कशॉपांना उसंत नसते. ट्रॉलीचा अ‍ॅक्सल मोडला की तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते. वेल्डिंग तातडीने लागते. इंजिनाचे काम मात्र घाईचे नव्हे. झिजलेला क्रँकशाफ्ट ग्राइंडरवर बहुधा पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी उतरवितात आणि तितके जाड बेअरिंग बसवितात. शेवटचे माप संपले की जाणता कारागीर मजुरी सोडून नवा शाफ्ट आणावयास सांगतो. ऐन हंगामात थांबणे शेतकऱ्यास जड जाते खरे. पण भर वाटेत तुटलेला शाफ्ट इंजिनाचा ब्लॉकही फोडतो.