फाइल कोणाला लागते?

जेंटू लिनक्समध्ये पॅकेज बसवायचं म्हणजे बहुतेक वेळा त्याचा सोर्स कोड उतरवून आपल्याच मशीनवर कंपाइल करायचा. उतरवलेले टारबॉल डिस्टफाइल्स नावाच्या डिरेक्टरीत साठत जातात, आणि जेंटूचा पॅकेज मॅनेजर पोर्टेज ते आपणहून काढत नाही. ब्राउझर आणि कर्नलच्या चार-सहा आवृत्त्या झाल्या की डिस्क भरू लागते आणि स्क्रिप्ट लिहायची वेळ येते. पहिली स्क्रिप्ट बहुधा ठरलेली असते: ‘फाइंड’ वापरून सहा महिन्यांपेक्षा जुन्या फाइली उडवायच्या. तिचा पायाच चुकलेला आहे, असं माझं ठाम मत आहे. फाइल किती जुनी आहे यावरून काही ठरत नाही; ती कोणाला लागते, हे पाहावं लागतं. तारीख तर सरळ दिशाभूल करते. फाइली उतरवणारा डब्ल्यूगेट उतरवलेल्या फाइलीवर सहसा सर्व्हरवरचीच तारीख ठेवतो, म्हणून आज सकाळी आलेला टारबॉल चार वर्षांपूर्वीचा दिसू शकतो. शेवटची वाचल्याची तारीख पाहावी, तर ‘नोएटाइम’ने माउंट केलेल्या डिस्कवर ती हलतच नाही. नावावरूनही अंदाज बांधता येत नाही: एलएलव्हीएम आणि क्लँग ही दोन वेगळी पॅकेजं, पण दोन्ही एकाच एलएलव्हीएम-प्रोजेक्ट टारबॉलमधून तयार होतात.

खरी माहिती पॅकेजांच्या नोंदींत असते. कुठल्या पॅकेजला कुठली फाइल लागते हे ईबिल्ड, म्हणजे ते पॅकेज बांधण्याची कृती लिहिलेली फाइल, सांगतो. तिचा आकार आणि ब्लेक२बी, एसएचए५१२ हे चेकसम पॅकेजच्या मॅनिफेस्ट नावाच्या फाइलीत लिहिलेले असतात. लागणाऱ्या नावांची यादी आधी करायची, डिरेक्टरीतल्या यादीतून ती वजा करायची, उरलेलं पडद्यावर दाखवायचं आणि पुसण्याचं काम अगदी शेवटी. जेंटूलकिटमधलं ‘ईक्लीन’ याच वळणाचं आहे. साध्या चालीत ते रिपॉझिटरीतल्या कुठल्याही ईबिल्डला लागणारी फाइल राखतं. ‘डीप’ लावलं की फक्त बसवलेल्या पॅकेजांच्या फाइली उरतात.

एवढा खटाटोप कशाला, सगळं नेटवर आहेच, लागेल तेव्हा पुन्हा उतरवू, असा आक्षेप येतो, आणि बहुतेक फाइलींपुरता तो खराही आहे. पण ‘पुन्हा उतरवू’ यात तीच फाइल परत मिळेल असं गृहीत धरलेलं असतं. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहबवर आपोआप तयार होणाऱ्या टारबॉलचं कॉम्प्रेशन बदललं. आतला कोड एका अक्षरानंही बदलला नव्हता, तरी बाइट्स वेगळे झाले, चेकसम जुळेनात आणि जगभरची बिल्ड्स अडली. गिटहबनं बदल मागे घेतला खरा. पण तोवर मॅनिफेस्टशी जुळणारी प्रत ज्यांच्या डिस्कवर होती, त्यांचं काम थांबलं नाही. गूगल कोडसारखं होस्टिंगच २०१६ मध्ये बंद झालं. जेंटूच्या मिररचा, म्हणजे तिथे ठेवलेल्या प्रतींचा, आधार असतो, पण रिपॉझिटरीतून जुना ईबिल्ड गेला की त्याचा टारबॉलही कालांतराने मिररवरून जातो. काही फाइली तर मिररवर येतच नाहीत: परवान्यामुळे त्या वापरणाऱ्याला स्वतः जाऊन, अटी मान्य करून आणाव्या लागतात, आणि तशा पॅकेजवर ‘फेच’ निर्बंध लावलेला असतो. म्हणून कोणी ‘डीप’ वापरत असेल, तर त्याच्या जोडीला अशा फाइली राखणारा पर्याय द्यावा, आणि आधी एकदा ‘प्रिटेंड’ लावून यादी डोळ्यांखालून घालावी.