बिनभांडवली भागधारक

खेळाचा मोसम वेगळा आणि खेळाविषयी बोलण्याचा मोसम वेगळा, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. सामने चालू असतात तेव्हा वाद फार काळ टिकत नाही. संध्याकाळी निकाल लागतो आणि सकाळच्या चहापर्यंत त्याची धार गेलेली असते. खरा वाद रंगतो तो सामने नसतात तेव्हा. संघाने कोणाला टिकवले, कोणाला सोडले, लिलावात कोणासाठी किती मोजले, हे प्रश्न महिनोन्महिने पुरतात. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या ताळेबंदाकडे वर्षानुवर्षे ढुंकूनही न पाहणारी माणसे या काळात दुसऱ्याच्या पाच कोटींचा हिशेब लाखालाखाने मांडू लागतात. मीही त्यांतलाच एक आहे, म्हणून हे थोड्या अधिकाराने लिहितो.

अलीकडच्या काळात या वादाला सर्वांत चांगले खाद्य पुरवले ते पुणेरी पलटणने. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून पलटणने प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवले. २०१४ साली लीग सुरू झाल्यापासूनची ही प्रतीक्षा होती. त्या संघाचा कर्णधार अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार, प्रशिक्षक बी. सी. रमेश, आणि बचावाचा कणा म्हणजे डाव्या कोपऱ्यावर उभा राहणारा इराणी खेळाडू मोहम्मदरेझा शादलूई. त्याला पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतले होते. अख्ख्या संघासाठी खर्चाची मर्यादा पाच कोटींची; म्हणजे जवळजवळ निम्मी थैली एका माणसावर रिकामी झाली होती. त्या मोसमात सर्वाधिक पकडी त्याच्याच नावावर लागल्या, त्यामुळे थैलीबद्दल कोणी तक्रार केली नाही.

पुढच्या लिलावाआधी टिकवलेल्या खेळाडूंची यादी आली तेव्हा तीत शादलूई नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईच्या लिलावात त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले ते हरियाणा स्टीलर्सने, म्हणजे अंतिम सामन्यात आपण ज्यांना हरवले त्यांनीच. विजेत्याने आपली ढाल उतरवून ठेवावी आणि पराभूताने ती उचलावी, यापेक्षा चांगला वादविषय कोणाला हवा?

आमच्या घरातच दोन तट पडले. पुतण्या संगणकाच्या क्षेत्रातला, आकडेमोडीचा माणूस. त्याचे म्हणणे सरळ होते. “काका, पाच कोटींतले सव्वादोन एकालाच दिले तर उरलेला संघ कशावर उभा करायचा? अस्लम, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते ही आपली खरी ठेव आहे. ती टिकवायची तर कुठेतरी कात्री लावावीच लागणार.” मी म्हणालो, “अरे, पण कात्री नेमकी उजव्या हातालाच लावायची?” त्यावर तो हसला आणि म्हणाला, “डावा कोपरा आहे तो, काका.”

त्यानंतर जे घडले ते माझ्या बाजूचे होते. अकराव्या मोसमात कर्णधार अस्लम जायबंदी झाला आणि पलटण बाद फेरीपर्यंतही पोचली नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी अंतिम सामना झाला तो मात्र पुण्यात, बालेवाडीच्या संकुलात. हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२–२३ असे हरवले आणि शादलूईने सलग दुसऱ्या मोसमात विजेत्या संघात उभे राहून जल्लोष केला, आपल्याच गावात, दुसऱ्याच्या अंगरख्यात. त्या रात्री पुतण्याशी मी फार उदारपणे वागलो नाही.

पण पुढच्याच वर्षी पारडे फिरले. २०२५ च्या लिलावात शादलूईला गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाखांना घेतले, आणि गुजरातला बाद फेरी गाठता आली नाही. इकडे पलटण त्याच तरुण खेळाडूंच्या बळावर पुन्हा अंतिम सामन्यात गेली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीकडून ती २८–३१ अशी तीन गुणांनी हरली, आणि दिल्लीच्या बचावात होता फझल अत्राचली, २०२२ साली १ कोटी ३८ लाखांना घेऊन पलटणने ज्याला कर्णधार केले होते तो! आता यातून कोण बरोबर ठरले? पुतण्या म्हणतो, कणा टिकवला म्हणून अंतिम सामना गाठला. मी म्हणू शकतो, अनुभवी बचावपटू सोडले म्हणून तो हरलो. दोन्ही विधानांना पुरावा आहे आणि दोन्हींना निर्णय नाही. जो खेळाडू आपण घेतलाच नाही त्याच्यासह खेळलेला मोसम कोणी पाहिलेला नसतो. या वादाला शेवट नाही तो यामुळेच, आणि त्याची गोडीही त्यातच आहे.

मला अस्वस्थ केले ते वादाच्या निकालाने नव्हे. वाद घालताना आम्ही दोघेही वापरत असलेल्या एका शब्दाने केले. तो शब्द म्हणजे ‘आपण’.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. खेळाच्या गप्पांत नेहमी ‘आपण’ येतो, कारण त्या गप्पांचा हेतूच ऐकणाऱ्याला आत घेण्याचा असतो. ‘आपण जिंकलो’ यात काही गैर नाही. त्यात मी खेळाडूंच्या शेजारी उभा असतो. पण ‘आपण त्याला सोडला’, ‘आपल्याला तो स्वस्तात मिळाला’, ‘आपले पैसे फुकट गेले’ असे म्हणताना मी कोणाच्या शेजारी उभा असतो? ज्याची थैली आहे त्याच्या. एकच शब्द मोसमात मला मैदानात नेतो आणि मोसम संपला की मालकाच्या कचेरीत नेऊन बसवतो, आणि ही बदली कधी झाली ते मला कळतही नाही.

हे पुण्याला नवे नाही. २०१० साली सहारा समूहाने ३७ कोटी डॉलरची बोली लावून पुण्याच्या नावाचा आयपीएल संघ घेतला. २०११ च्या लिलावात युवराज सिंगसाठी १८ लाख डॉलर आणि रॉबिन उथप्पासाठी २१ लाख डॉलर मोजले, तेव्हा पेठांतून आणि कोथरूडमधून जी चर्चा झाली ती जणू प्रत्येकाच्या पासबुकातून रक्कम गेल्यासारखी होती. गांगुलीवर लिलावात कोणीच बोली लावली नाही आणि मे महिन्यात तो बदली खेळाडू म्हणून याच संघात आला, यावर तर स्वतंत्र परिसंवाद झडले. तीन मोसमांत त्या संघाने तळाच्या दोन जागा कधी सोडल्या नाहीत. मे २०१३ मध्ये मंडळाने बँक हमीची रक्कम वसूल केल्यावर मालकांनी अंग काढून घेतले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंडळाने संघच रद्द केला. आपण खेळाडूंच्या किमतीवर भांडत राहिलो. मोडला तो मालक आणि मंडळ यांच्यातला व्यवहार, ज्यावर आपले मत कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या वेळी तर मुदत आधीच ठाऊक होती. चेन्नई आणि राजस्थान हे संघ निलंबित झाले म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये दोन वर्षांपुरते दोन संघ काढले गेले. बोली उलटी होती: मंडळाकडून मिळणाऱ्या वाट्यातला कमीत कमी हिस्सा जो मागेल त्याला संघ मिळणार होता. संजीव गोयंका यांच्या कंपनीने उणे १६ कोटींची बोली लावली, म्हणजे वाटा घेणे दूरच, उलट दरवर्षी १६ कोटी देण्याची तयारी दाखवली. तरीही आम्ही पिढ्यांचा संघ असल्यासारखे भांडलो. फेब्रुवारी २०१७ मध्ये धोनीचे कर्णधारपद काढून स्मिथला दिले, दुसऱ्याच दिवशी बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतले, आणि शहरात दोन पक्ष झाले. त्याच संघात महाराष्ट्राकडून खेळणारा राहुल त्रिपाठी होता, किंमत १० लाख. त्याने त्या मोसमात ३९१ धावा केल्या. आम्ही टाळ्या पिटत म्हणालो, “काय स्वस्तात मिळाला!” २१ मे २०१७ रोजी हैदराबादला मुंबईच्या १२९ धावांचा पाठलाग करताना पुणे १२८ वर थांबले; एका धावेने विजेतेपद गेले आणि पाठोपाठ संघही गेला. राहुल त्रिपाठीचे ते १० लाख मात्र मला पुढेही आठवत राहिले. जी बचत आम्ही साजरी केली ती आमची नव्हती. जे कमी मिळाले ते मात्र एका खऱ्या माणसाला मिळाले होते.

या जागी मला माझे थोरले मामा आठवतात. ते एका पेठेतल्या मंडळाकडून कबड्डी खेळत. मातीचे मैदान, संध्याकाळचा सराव, आणि जिल्हा स्पर्धेत गुडघे फुटेपर्यंतची ईर्षा. त्यांच्या संघातला सर्वांत चांगला चढाईपटू एका वर्षी एका मोठ्या आस्थापनेने नोकरी देऊन नेला. त्या काळी खेळाडूची ‘खरेदी’ होत असे ती अशी: रेल्वे, बँका, बंदरे, पोलीस आणि मोठे कारखाने यांचे संघ असत आणि चांगल्या खेळाडूला तिथे पगारी नोकरी मिळे. मंडळाचा संघ त्या वर्षी पहिल्याच फेरीत गारद झाला. मामा सांगत, “वाईट तर वाटलंच. पण त्याच्या आईनं घरोघर पेढे वाटले होते रे. पेढा खाऊन शिव्या कशा द्यायच्या?”

त्या वाक्यातल्या माणसांना संघ कमी प्रिय नव्हता. त्यांचा ‘आपण’ मात्र खेळाडूच्या बाजूचा होता. तो गेला याचे दुःख होते आणि त्याचे भले झाले याचे समाधानही होते, आणि ही दोन्ही एकाच घासात गिळण्याची ताकद त्यांच्यात होती. आज शादलूई हरियाणाला गेला तेव्हा त्याची किंमत २८ लाखांनी उतरली होती. आमच्या अख्ख्या वादात हा आकडा अनेकदा आला, पण २८ लाख ‘वाचले’ की ‘वाचायला नको होते’ एवढ्याच अर्थाने. विजेतेपद मिळवून दिलेल्या माणसाची बोली पुढच्या वर्षी कमी होते, हे त्याच्या घरी कसे ऐकले गेले असेल, असा विचार दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही.

पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने बिनतोड उत्तर दिले. “काका, खर्चाला मर्यादा नसती तर सगळे चांगले खेळाडू श्रीमंत मालकाकडे गेले असते. मग अस्लमसारखा पोरगा पुण्यात राहिला असता का?” हे खरे आहे. मर्यादेमुळे लीग चुरशीची राहते, दरवर्षी नवा विजेता होण्याची शक्यता राहते, आणि नव्या तरुण खेळाडूंशी करार करून त्यांना घडवण्यात मालकांना रस वाटतो. अस्लम आणि मोहित हे २०२१ साली याच वाटेने पलटणमध्ये आले आणि टिकले. पण त्याच मर्यादेचा अर्थ असाही आहे की एकाला अधिक दिले की ते दुसऱ्याच्याच पानातून काढावे लागते. मालकाचे पान शाबूत राहते. कबड्डीपटूची उमेद फार तर दहा-बारा वर्षांची, गुडघा कधी जाईल याचा नेम नाही. चाहत्याने त्याच्या मिळकतीकडे फक्त खर्चाच्या रकान्यातून पाहावे, हे मला आता पटत नाही.

याचा अर्थ वाद थांबवावा असा नाही. तो थांबला तर शहराचा संघाशी असलेला उरलासुरला संबंधही तुटेल. दोन क्रिकेट संघ गमावलेल्या पुण्याने हे ओळखावे. ज्या शहराला आपल्या संघाच्या कारभारात मत नाही, त्याच्या हाती बडबड एवढाच हक्क उरतो, आणि तो सोडू नये. पण त्या हक्काने काय विचारायचे ते आपण ठरवू शकतो. मालकाने पैसे शहाणपणाने खर्चले का, हे मालकाचे हिशेबनीस पाहतील. संघ या गावात किती वर्षे राहणार, घरचे सामने घरी होणार का, इथल्या मैदानांवरून किती पोरे वर येणार, जायबंदी झालेल्याचे पुढे काय होते, हे आपल्याखेरीज कोण विचारणार?

पुढच्या लिलावाच्या वेळी पुतण्या आणि मी पुन्हा भांडणार आहोत, यात शंका नाही. त्याच्याकडे आकडे असतील, माझ्याकडे आठवणी. एवढे मात्र मी ठरवले आहे की एखाद्या तरुण खेळाडूचे नाव पुकारले गेले आणि बोली चढू लागली, तर ‘आता पुरे, आपल्याला महाग पडेल’ असे मी म्हणणार नाही. चढू दे. पैसे माझे नाहीत.